भिंतीपलीकडची मोसंबी

रोज सकाळी चहाआधी मी परसात जाते आणि मोसंबीचं एक कोवळं पान चुरगळून नाकाशी धरते. वास मंद, गोडसर, मोसंबीचाच. तरी समाधान होत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक पान. आई म्हणते, अशानं झाडाला पान उरायचं न्हाय. पण ही खोड जायची नाही. वडिलांकडून मला राहनाळचं हे घर मिळालं, परस मिळालं, आणि संशयही मिळाला.

आता परसामागे गोदामाची उंच पत्र्याची भिंत आहे, दुपार कलली की ऊन यायचं नाव नाही. पूर्वी तिथे मोकळं शेत होतं आणि इकडे, परसाच्या मधोमध, वडिलांची मोसंबी. कचेरीतून आले की आधी ते तिच्याभोवती एक फेरी मारत, मग चहा. फळ पिकलं की नाही हे तेच ठरवणार, तोडणारही तेच. एका सकाळी त्यांना तिची एक डहाळी सुरीने छाटलेली दिसली. चारेक वर्षांनी बाजूच्या बुटक्या भिंतीपलीकडे, कापडाच्या लूमवर काम करणाऱ्या शेजाऱ्याच्या परसात मोसंबी लगडली. मग काय विचारता! आमच्या घरात त्या माणसाचं नावच ‘चोर’ पडलं. वडील मरेपर्यंत त्याच्याशी बोलले नाहीत आणि मीही त्याला कधी काका म्हटलं नाही.

वडील गेले आणि दोन वर्षांत झाडाला डिंक्या लागला. सालीला भेगा, भेगांतून डिंक, एकेक फांदी वाळत गेली. शेवटी मी ते गुडघ्याएवढं ठेवून कापून घेतलं. काही महिन्यांनी बुंध्याला तरतरीत हिरवे कोंब आले तेव्हा आई हरखली. “बघ, गेलं न्हाय ते,” म्हणाली, आणि तांदळाचं धुवण नेमाने तिथे ओतू लागली. माझ्या मनात मात्र पाल चुकचुकली. फूट नको तेवढी जोमदार होती, काटे लांब होते आणि पान चुरगळलं की लिंबासारखा उग्र वास यायचा. पण आईला सांगणार कसं? ती या कोंबांतून वडिलांच्या मोसंबीची वाट बघत होती.

सांगितलं ते शेजाऱ्याने, भिंतीवरून. “ती फूट जंबेरीची हाय, बाय, रानलिंबाची. मोसंबी तिच्यावर कलम केलेली होती, ती मेली. खालचा खुंट तेवढा जगलाय, त्याला आंबटच फळ लागंल. माझ्या झाडाचा डोळा भरून देतो, परत कलम हुईल.” एवढा पुळका कशाला? हल्ली इकडे गोदामांसाठी जमिनी जाताहेत, कुणी गोड बोललं की मी आधी आपला सातबारा कुठे ठेवलाय ते आठवते. पण आईने ऐकलं होतं. ती म्हणाली, येऊ दे त्याला.

थंडीतल्या एका रविवारी तो आला. मी पहारेकऱ्यासारखी उभी. त्याने पेन्सिलीएवढ्या जाडीचा एक कोंब निवडला, सालीला उभा-आडवा छेद दिला, आपल्या झाडाच्या डहाळीवरचा एक डोळा नखाएवढ्या सालीसकट काढून त्या फटीत अलगद सरकवला आणि वरून प्लास्टिकची पट्टी गुंडाळली. जन्मभर तुटलेले धागे जोडलेली ती बोटं. गाठ कधी बसली ते दिसलंही नाही. उठताना म्हणाला, “तुमचीच होती. तुमच्याकडं आली.”

मी तडक स्वयंपाकघरात गेले. “आई, कबूल केलं त्याने!”

आई मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “त्यानं काय चोरलं न्हाय. डहाळी मी कापून दिली, त्याच्या बायकोला. मैत्रीण होती माझी. तुझ्या बाबांकडं मागितली असती तर पान मिळालं नसतं.”

“मग बाबांना सांगितलं का नाहीस?”

“आज सांगू, उद्या सांगू, करता करता ते गेले. त्यानं पण तोंड उघडलं न्हाय. उघडलं असतं तर या घरात माझं काय झालं असतं, तुला ठाऊक हाय.”

ठाऊक होतं. वडिलांचा राग मी पाहिला होता. म्हणजे इतकी वर्षं तो माणूस आईसाठी चोर म्हणवून घेत राहिला, आणि मी त्याच्या अंगणावरून मान ताठ करून जात होते. आईचा राग आला, वडिलांचा आला, आणि माझी मला लाज वाटली.

तीन आठवड्यांनी पट्टी सोडली तर डोळा हिरवागार. आता त्याची हातभर काठी झाली आहे. पण खालून जंबेरीची फूट येतच राहते, दर आठ दिवसांनी ती मोडावी लागते. परवा मोडताना मी भिंतीकडे बघून विचारलं, “काका, हे मोडू ना?” तो त्याच्या परसातून भिंतीशी आला. मग म्हणाला, “मोड, बाय.”

वडिलांनी डोळ्यांत तेल घालून राखलं ते झाड गेलं. आईने लपवून दिलं, तेवढं राहिलं.