तपकिरी, तीन तुकड्यांची

माझ्या साडूला कारखान्यात सगळे फुंक्या म्हणायचे. शाळेतली मुलं तोंडात सरळ धरून वाजवतात त्या प्लास्टिकच्या बासऱ्या, म्हणजे रेकॉर्डर, आम्ही बनवायचो. मी साच्यावर होतो. गरम तुकडे काढायचे, पात्याने कडा साफ करायच्या, बोटं भाजून घ्यायची. फुंक्या शेवटच्या टेबलावर पंख्याखाली बसून तयार माल फुंकून बघायचा. पाहुणे आले की साहेब त्यांना थेट त्याच्याकडे न्यायचे. साच्याकडे कोणी फिरकत नसे.

तीन तुकड्यांचं तपकिरी मॉडेल कधीच बंद झालं. पण घरोघरी ते अजून आहे आणि त्याची खोडही ठरलेली. खालचा सांधा सैल होतो, हवा निसटते, शेवटचा सूर चिरकतो. लोक दुरुस्तीला फुंक्याकडे जातात. बनवलं कोणी, हे कोणी विचारत नाही.

नातीच्या रेकॉर्डरचं तेच झालं. दुसऱ्या दिवशी शाळेत तिला एकटीला वाजवायचं होतं.

"फुंकूआजोबांकडे जाऊ या," ती म्हणाली.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. "का? मी काय मेलोय?"

सांध्यावर दोरा गुंडाळला. मग तुकडा आत जाईना. तेव्हा साच्यावरच्या सवयीने सांधा कढत पाण्यात धरला आणि गरम असतानाच दाबून बसवला. फक्कड बसला. गार झाल्यावर मात्र हलेना. खालचा तुकडा वाजवणाऱ्याच्या करंगळीच्या बेताने फिरवावा लागतो, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. शेवटच्या भोकापर्यंत तिचं बोट पोचेना. ती रडायला लागली.

गेलो मुकाट्याने.

"साडूबुवा, गरम लावलंत ना?" फुंक्या बघताक्षणी हसला.

"लावलं. मग?"

"काही नाही. नोकरी संपली, ड्यूटी काही सुटली नाही तुमची."

मेहुणी आतून खुदखुदली.

त्याने आतून गार पाणी सोडलं, बाहेरून गरम फडका गुंडाळला आणि हलकेच पीळ दिला. सुटला. दोऱ्याचे वेढे कमी केले, नातीची करंगळी धरून तुकडा वळवला, फुंकून पाहिलं. शेवटचा सूर स्वच्छ आला. लेकाच्याची फुंक अजून तशीच आहे.

मग आतल्या कडेवरून बोट फिरवत तो तिला म्हणाला, "हा तुझ्या आजोबांच्या हातचा माल. कड बघ, एका फटक्यात कापलीय. दुसऱ्या कुणाचा असता तर एवढ्या जोराने सांधा उभा तडकला असता."

एवढं ऐकायला मी त्या कारखान्यात जन्म काढला. आणि ऐकवलं कोणी? त्यानेच.

नातीचे डोळे मोठे झाले.

"फुंकूआजोबा, तुम्हाला नुसतं बोट लावून कळतं?"