नाव बदललेला भाऊ

माझ्या सख्ख्या भावाची नोकरी मी घालवली, आणि तीही व्यवसायनीती हा विषय शिकवताना.

म्हणून ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी कॅनडाला निघालो, तेव्हा डोंबिवलीच्या आमच्या बिल्डिंगखाली जसा निरोप व्हायला हवा होता तसा झाला नाही. शेजारी जमलेले, टॅक्सीवाला कुरकुरत होता. दादाने माझी बॅग वरून उतरवली, नायलॉनच्या दोरीची गाठ ओढून पाहिली, डिकीत ठेवली आणि टॅक्सी सुटायच्या आधीच वर निघून गेला. आई म्हणाली, "पोचलास की पत्र टाक. आणि तिकडे आमच्याबद्दल काही लिहू नकोस, बाबा."

झालेलं असं. ठाण्यात वर्तकनगरला नोकरदारांसाठी संध्याकाळी मॅनेजमेंटचे वर्ग चालायचे. तिथे मी कायदा आणि नीती शिकवायचो. दादा डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत, रंगाच्या एका कारखान्यात केमिस्ट. एकदा दोघे ठाकुर्लीच्या बाजूला फिरायला गेलेलो, तेव्हा तो मनातलं बोलला. सरकारी तपासनीस कारखान्याच्या नाल्यातल्या सांडपाण्याचा नमुना घ्यायला येणार हे कारखान्याला आधीच कळतं, त्या दिवशी नाल्यात नळाचं पाणी सोडतात, आणि रिपोर्टवर सही दादाची. झोप लागत नाही म्हणाला. तू कायदा शिकलायस, मी काय करू ते सांग म्हणाला. त्याला सल्ला हवा होता. मी "बघतो" म्हटलं आणि घरी येऊन केस लिहायला बसलो.

आमच्या धंद्यात केस म्हणजे नावं बदलून वर्गात चर्चेला ठेवलेला खरा प्रसंग. नावं मी चोख बदलली. गाव बदललं, रंगाचा कारखाना औषधांचा केला, दादाचे श्री. मराठे केले. फक्त बाराही महिने छत्री घेऊन फिरणारा आणि काम करताना मोठ्याने नाट्यगीतं म्हणणारा केमिस्ट तसाच ठेवला. पात्र जिवंत वाटायला नको? वर्गात छत्रीचं वाक्य आलं तसा मागच्या बाकावरचा एकजण खो-खो हसला. माझ्या लेखणीला मिळालेली ती पहिली दाद, मी खूश. तो दादाच्याच कारखान्यात पर्सोनेल खात्यात, माणसं घेण्या-काढण्याच्या कामावर होता.

कंपनीची माहिती बाहेर दिली म्हणून दादाला काढलं. मी छाती पुढे काढून म्हटलं, कामगार न्यायालयात जाऊ. दादाचा हुद्दा देखरेखीचा, कायद्याने तो कामगारात मोडतच नव्हता, आणि हे मीच त्या आठवड्यात वर्गाला शिकवलेलं. वडील एवढंच म्हणाले, "तू आता कुणाला मदत करू नकोस." केस मात्र गाजली. तिच्याच जोरावर मला कॅनडातून बोलावणं आलं.

माझ्यासारखे जे गेलात त्यांना तिकडचं काय सांगायचं. मीही ड्राइव्ह-वेवरचा बर्फ उपसतो, बेसमेंट भाड्याने देतो. कॉलेजात गोपनीयतेवर लेक्चर देतो. संशोधनासाठी कुणाशी बोलायचं तर आधी समितीची परवानगी, मग त्या माणसाची लेखी संमती. माझा काटेकोरपणा विद्यार्थ्यांना फार आवडतो. आणि जे इथेच राहिलात, ते तुम्ही मला बघितलं की विषय बदलता. बसस्टॉपवरचा अनोळखी गोरा मला आपला घटस्फोट रंगवून सांगतो; सख्खा पुतण्या कॉलेजात कुठली साईड घेतली तेही सांगत नाही. जिथे माणसं माझ्यासमोर जपून बोलतात, ते माझं घर. आता एवढ्याच खुणेवर ओळखतो.

नव्वदच्या दशकात एकदा आलो, कारण ती केस पुस्तकात छापायची होती आणि प्रकाशकाला मूळ माणसाची परवानगी हवी होती. ती मी इतक्या वर्षांनी पहिल्यांदा मागितली. दादा आता घरीच केमिस्ट्रीच्या शिकवण्या घ्यायचा. पेपर तपासता तपासता, मान वर न करता त्याने विचारलं, "तुझी पोरं काय म्हणतात त्या केमिस्टबद्दल?"

इतक्या वर्षांत त्याने मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी हुरळून सांगत सुटलो. दरवर्षी वर्गात दोन तट पडतात, अर्धे म्हणतात भित्रा होता, अर्धे म्हणतात पदरात बायकोमुलं, करणार काय. तास संपला तरी भांडत असतात.

दादाने पेन खाली ठेवलं. "आणि त्याच्या भावाबद्दल?"

"भाऊ केसमध्ये नाहीये."

वहिनी चहा घेऊन आलेली. कप माझ्यापुढे ठेवत म्हणाली, "घाला की, भाऊजी. निदान त्याच्यावर तरी सगळ्या पोरांचं एकमत होईल."