घोडीसाठी आलेली सून

“मावशी, पहिले पाय पाहा. तोंड तं सगळ्याइचंच बरं असते.”

बैल असो, शेळी असो की कोणाचा जावई असो, ती आधी खाली पाहायची. नवी नवरी होती तेव्हा आल्यागेल्या बायांचे पाय वाकून पाहायची. बायांना वाटायचं, नमस्कार करते. त्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद द्यायच्या. मीही दिला. तर मान वर करून म्हणते, “मावशी, डावा पाय लंगडते तुमचा. घोडीचा असता तं कोणी घेतली नसती.”

“मलेही कोणी घेऊन नाही राह्यलं,” मी म्हटलं. तिथून आमचं जमलं.

ती शेजारच्या घरातली सून. घराला घर लागून, शेताला शेत लागून. बरंचसं मी डोळ्यांनी पाहिलं आहे, बाकीचं तिच्या तोंडून ऐकलं आहे.

माहेर बुलडाण्याचं, वडील कचेरीत कारकून. त्यांच्या घरामागे एक जण वरातीच्या घोड्या बांधायचा. ही पोर शाळेचा डबा घोड्यांना चारायची आणि घरी येऊन उपाशी माणसासारखी जेवायची. आईला वाटलं, जंत झाले. आईने एरंडेल पाजलं. हिने ते मुकाट्याने पिलं, पण घोड्यांचं नाव सांगितलं नाही. अशी माणसं पुढे काय करतील ते सांगता येत नाही, हे तुम्हालाही माहीत असेल.

लग्नाची झाली तेव्हा एक मास्तर आला, एक बँकेतला आला. दोघांनाही नको म्हणाली. मग आमच्या गावच्या पोराचा फोटो गेला. फोटोत तो पांढऱ्या घोडीवर बसलेला. हिने लगेच हो म्हटलं. नवरा काळा की गोरा, हे तिला लग्नाच्या दिवशी कळलं. हिच्या बापाने विचारलं, “शेतात राबशील का?” ही म्हणाली, “राबीन.”

घरात आली आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी गोठ्यात शिरली. दोन बैल, एक म्हैस, चार शेळ्या. सासू मागे गेली. “काय शोधून राह्यली वो?”

“घोडी.”

नवरा दात घासत होता. तो म्हणाला, “ते तं जत्रेतली होती. फोटोवाल्याची.”

“मंग मले बी फोटोवाल्याकडे नेऊन सोडा,” ही म्हणाली आणि पेटीजवळ जाऊन बसली.

सासरा कमी बोलणारा माणूस. त्याने चहा संपवला आणि विचारलं, “घोडी आणली तं हरभरा लागीन तिले. कोण पिकवीन?”

“मी.”

आता ज्या पोरीने कधी विळा धरला नव्हता, ती शेतात उतरली. पहिल्या दिवशी निंदायला बसली तर गवतासोबत कपाशीही उपटली. सासू बांधावरून ओरडायची, मी माझ्या बांधावरून हसायची. हात फोडांनी भरले. पण पोर चिवट. सगळ्यांच्या आधी शेतात जायची. हरभऱ्याचं एक एक झाड असं पाहायची जसं ते आताच घोडीच्या तोंडात जाणार आहे. पीक असं आलं की सासऱ्याने स्वतःच पोराला घोडी पाहायला धाडलं.

नवऱ्याने धामणगाव बढ्याहून एक घोडी आणली. वरातीच्या कामातून काढलेली, म्हातारी, मणके दिसणारी. हिने तिचे पाय पाहिले आणि पहिल्यांदा नवऱ्याकडे नीट पाहून हसली.

सासऱ्याने अट घातली. “घोडी खाईन तं काम करीन. नाही तं बाजारात.”

“ते गेली तं मीबी गेली,” ही म्हणाली. दोघंही तोंडचं खरं करणारे. सासू घाबरली.

घोडीला डवऱ्याला जुंपलं. दोन ओळींमधलं गवत काढायचं हे अवजार एरवी बैल ओढतात. गाव पाहायला आलं. घोडी सरळ चालली, एक रोप तुडवलं नाही. सासऱ्याने बिडी पेटवली. तेवढ्यात सडकेवरून कोणाची तरी वरात निघाली आणि बँड वाजला.

घोडी थांबली. कान टवकारले. मग पुढचे पाय उचलून नाचायला लागली. डवरं मागे उड्या मारतं, डवऱ्याला नवरा लोंबकळलेला, कपाशीच्या ओळी साफ. पोरं शिट्ट्या वाजवत होती. कोणी तरी दोन रुपये ओवाळून टाकले.

“येत्या बाजाराले नेतो,” सासरा म्हणाला.

बाजाराच्या आदल्या दिवशी सकाळी हिने घरातला कापूस घेतला, गोळे केले आणि घोडीच्या कानात दाबून भरले. आता घोडीला “थांब” म्हटलेलंही ऐकू येईना. म्हणून ही लगाम धरून पुढे चालायची आणि नवरा मागे डवरं धरायचा. सासऱ्याला खरं वाटेना. त्याने पुतण्याचा मोबाइल घेतला, बँडचं गाणं लावलं आणि घोडीच्या कानाशी धरलं. घोडी हलली नाही. सासऱ्याचा अंगठा मात्र ठेका धरत होता, मी पाहिलं.

“कापूस जरा जास्त भरा,” एवढंच म्हणून तो घरी गेला.

त्या घोडीने त्यांचं शेत बरीच वर्षं डवरलं. माझंही डवरून दिलं, फुकट नाही, पेंढीच्या बदल्यात. मग मागच्या पावसाळ्यात ती मेली. म्हातारी होती, मरणारच होती. शेताच्या कोपऱ्यात खड्डा केला. ही रडली नाही, जेवलीही नाही. सासऱ्याने मला हळूच विचारलं, “आता हे जाईन का वो माहेरी?” इतक्या वर्षांत त्या माणसाने मला पहिल्यांदा काही विचारलं होतं. मी म्हटलं, “मले काय माहीत?”

बातमी बुलडाण्याला गेली. तिचे वडील गाडी करून आले. रिटायर झालेले, इस्त्रीची पॅन्ट, पायात मोजे. ही घरी नव्हती. ते शेतात आले. ही तुरीत निंदत होती.

“चल बाई,” ते म्हणाले. “होती ते घोडी गेली. आता काऊन मरून राह्यली इथं?”

हिने मान वर केली नाही. “बाबा, गवत पाहा ना कसं माजलं. घोडी नाही, आता हातानंच काढा लागते.”

“गाडी उभी हाय.”

“राहू द्या उभी. तुम्ही त्या ओळीले बसा.”

सासरा बांधावर उभा होता. तो पुढे गेला आणि आपला विळा त्याने व्याह्याच्या हातात दिला. वडिलांनी विळ्याकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं. मग मोजे काढून खिशात घातले, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि खाली बसले.

पहिल्या हाताला गवतासोबत तूर उपटली.

“बाबा!” ती ओरडली.