रतनने दिलेलं अर्धकच्चं खत

नौपाड्यातल्या आमच्या इमारतीमागे एक चिंचोळी पट्टी आहे. पूर्वी तिथे फुटक्या कुंड्या आणि मोडक्या खुर्च्या पडलेल्या असायच्या. सहा वर्षांपूर्वी रतन तळमजल्यावर राहायला आली आणि तिने तिथे बाग केली. ती मूळची राजापूरकडची, नवरा गाडी चालवतो. कढीपत्ता, गवती चहा, अळू, एक अनंत, सगळं तिने हाताने लावलं. विकतचं खत कधी आणलं नाही. दोन निळे ड्रम, त्यांना सळई तापवून पाडलेली भोकं, आणि आम्हा अकरा बिऱ्हाडांची भाजीची सालं नि देवाची फुलं. आम्ही सकाळी डबे खाली ठेवायचो. ती ते रिकामे करून, धुऊन दाराशी आणून ठेवायची. धुऊन ठेव असं तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"रतन, कंटाळा नाही येत गं या कचऱ्याचा?" मी एकदा विचारलं.

"कचरा काय वैनी, दोन महिन्यांनी बघा."

सालांवर वाळका पाला, वर आंबट ताकाचा शिपका, आठवड्यातून दोनदा काठीने खालवर. दोन महिन्यांनी खरंच चहाच्या भुकटीसारखं सुटं, काळं खत निघायचं. माझी तुळस त्याच्यावरच वाढली.

दुसऱ्या मजल्यावरच्या आसावरीताई डबा द्यायच्या, पण खत घ्यायच्या नाहीत. "तुळशीला कुणाच्या घरचं काय जातंय, कोण जाणे," असं म्हणायच्या. बाई वाईट नाहीत, पण जुन्या वळणाच्या. रतनच्या कानावर ते गेलं होतं. ती हसून सोडून द्यायची.

गेल्या दिवाळीत त्यांच्या सुनेला, अंतराला, सातवा महिना होता. पहिल्या खेपेला मूल हातचं गेलेलं, म्हणून डॉक्टरांनी झोपूनच राहायला सांगितलं होतं. यंदा तुळशीचं लग्न साग्रसंगीत करायचं, असं आसावरीताईंनी मनात धरलं. पण तुळस रोडावलेली. मग त्या स्वतः जिना उतरून रतनकडे गेल्या आणि थोडं खत मागितलं.

तयार खत संपलं होतं. ड्रममधलं जेमतेम महिन्याचं. रतनने हात घातला तर आत गरम, वास आंबूस. सालं अजून ओळखू येत होती. तरी तिने ते चाळलं आणि पिशवी भरून दिली. मला नंतर म्हणाली, "सहा वर्षांत पहिल्यांदा ताई माझ्या दाराशी आल्या, वैनी. त्यांना कुठल्या तोंडाने सांगू, महिनाभर थांबा म्हणून?"

आसावरीताईंनी सगळी पिशवी एकाच कुंडीत ओतली.

चौथ्या दिवशी तुळस करपली. पानं काळी पडून गळाली. घरात सून अशी पडून, आणि दारची तुळस जळालेली! आसावरीताईंनी धसकाच घेतला. अंतराला कळू नये म्हणून कुंडीवर जुनी साडी टाकली. स्वतः दिवसभर जप करत बसायच्या. जेवण सुटलं.

दोन दिवसांनी रतन माझ्याकडे आली. "अपशकुन नाही तो, वैनी. माझ्या खताने झालंय."

मी काय म्हणाले ते लिहायला लाज वाटते. मी म्हटलं, "गप्प बस. उद्या त्या मुलीचं काही कमीजास्त झालं तर सगळं तुझ्यावर येईल."

"आणि तोवर त्या बाईने उपाशी मरायचं?"

मग मीही तिच्याबरोबर वर गेले. आतल्या खोलीत अंतरा झोपली होती, म्हणून सगळे हळू बोलत होते.

"खरं सांग," आसावरीताई म्हणाल्या, "माशाचे काटे घालतेस ना त्यात?"

"देवाशप्पथ नाही, ताई. तुमच्या देवाची फुलं असतात त्यात, मी काटे घालीन? खत कच्चं होतं. आत गरम होतं, मुळं भाजली. मला ठाऊक होतं."

"ठाऊक असून दिलंस?"

"तुम्ही पहिल्यांदाच मागितलंत."

आसावरीताई आतल्या दाराकडे बघत खाली बसल्या. "म्हणजे... आमच्या पोरीचं तसं काही नाही?"

"मी भाजली तुळस, ताई. देवाने नाही."

त्या पदर तोंडाला लावून रडल्या. मग डोळे पुसून उठल्या. "दोन दिवस माझ्या घशाखाली घास उतरला नाही, आणि तू खाली बसून बघत होतीस. जा आता."

पुढच्या आठवड्यात सात डबे यायचे बंद झाले. इमारतीत बोलणं एकच, रतनच्या खतात मासे असतात. मी दिसेल त्याला नाही म्हणून सांगत होते, पण माझाही डबा दोन दिवस घंटागाडीत गेला. का, ते मला अजून सांगता येत नाही.

आसावरीताईंनी नवी तुळस आणून लग्न लावलं. रतनला बोलावणं नव्हतं. मी म्हटलं, माझ्याबरोबर चल. "नको. मला बघून त्यांना ते दिवस आठवतील." मंगलाष्टकं चालली होती तेव्हा ती मागे पाला गोळा करत होती.

अंतराला अजून कितीतरी आठवडे काढायचे होते. दुसऱ्या दिवशी मी तिला भेटून आले आणि रतनला सांगितलं, "सासूबाई आता पोटभर जेवतात म्हणे."

"जेवतात ना? मग झालं," ती म्हणाली. उरलेले चार डबे धुऊन तिने उन्हात पालथे घातले.