ओल्या ब्लँकेटचं टोक

माझ्या मावशीचा राग कधी कुणाला दिसायचा नाही. टाकीत पाणी साचावं तसा तो आत साचायचा, आणि वर तिचा चेहरा नुकत्याच धुतलेल्या फरशीसारखा असायचा.

ती लाँड्रीत कामाला होती. तिथे दवाखान्यांच्या चादरी आणि ब्लँकेटं येत. पिळायचं यंत्र कधीच बंद पडलं होतं, आणि मालकाला त्याच्या दुरुस्तीपेक्षा बायकांचे हात स्वस्त वाटत होते. म्हणून बायका दोघी-दोघी समोरासमोर उभ्या राहून पिळत. एकीने टोक धरायचं, दुसरीने पीळ घालायचा. नवी बाई आली की तिला आधी बजावत, टोक मुठीत धर, मनगटाला गुंडाळू नकोस. पीळ चढला की हात सुटत नाही.

मावशीची धाकटी बहीण, म्हणजे माझी आई, तिथेच घड्या घालायची. घरात तिच्यावर सगळ्यांचा हुकूम चाले. घड्यांचं टेबल तेवढं तिचं होतं.

सुट्टीच्या दुपारी दोघी सिनेमाला जात. सिनेमा मावशी निवडायची. तिची अट एकच, बाईने सूड घेतला पाहिजे, आणि तोही हातापायांनी.

त्या दुपारचा सिनेमा फारच गरिबीत काढलेला होता. नायिकेच्या भावाला गुंड मारतात आणि ती एकेकाला गाठत जाते. मेलेले गुंड मिशा लावून पुन्हा लढायला येत होते. लाथ बसली की भिंत पडद्यासारखी हलायची. बोलणं परक्या भाषेतून आपल्या भाषेत आणलेलं, त्यामुळे नायिकेचं तोंड मिटलं तरी तिची धमकी चालूच.

"ताई, ठोशाचा आवाज आधी आला आणि ठोसा मागून," आई हसत म्हणाली.

"येऊ दे. बसला ना?" मावशी खुर्चीच्या कडेवर सरकली होती. "केस बघ कसे विस्कटलेत. एकदा तरी सावरले का तिने? ही खरी बाई."

प्रत्येक लाथेला तिचा पाय पुढच्या खुर्चीला लागत होता. तिथला माणूस वळून बघू लागला.

"इकडे काय बघतोस?" मावशी म्हणाली. "मारामारी तिकडे आहे."

मध्यंतरात आईने शेंगदाण्यांची पुडी उघडलीच नाही. "ताई, उद्यापासून मी कामाला येत नाही."

"का गं?"

"मुकादम. टेबलाशी मागे येऊन उभा राहतो. घडी बघतो म्हणतो आणि कमरेवर हात ठेवतो."

"कधीपासून?"

"बरेच दिवस झाले."

"आणि मला आज सांगतेस?"

"तू काय करणार होतीस? तिच्यासारखी लाथ मारणार होतीस?"

आई घरी बसणार, आणि तो मात्र शीळ घालत लाँड्रीभर हिंडणार. माझं रक्त आजही हे लिहिताना तापतं, मग मावशीचं त्या खुर्चीत काय झालं असेल.

दिवे विझले. मावशी आता हसत नव्हती. पडद्यावर नायिका गुंडांच्या म्होरक्यासमोर हात खाली सोडून उभी होती. ती धावून गेली नाही. तो हिणवत, चिडत पुढे आला, त्याने हात टाकला आणि तेव्हा कुठे तिने तो धरला.

सूड पुरा झाल्यावर नायिका झाडाखाली बसून रडली. ते मावशीला मुळीच पटलं नाही. "एवढं छान केलं आणि शेवटी माती खाल्ली," बाहेर उन्हात येत ती म्हणाली. "रडायचं काय त्यात? आणि तू उद्या यायचं."

दुसऱ्या दिवशी मावशीने जोडीदारणीला पाणी प्यायला पाठवलं आणि मोठ्याने सिनेमाची गोष्ट सुरू केली. बायका खिदळू लागल्या. मुकादम आलाच.

"हात चालवायचे सोडून तोंड चालवताय?"

"एका बाईने सगळे गडी लोळवले, ते सांगतेय."

"दोरीने बांधून उडवतात त्यांना. जोर लागतो तिथे पुरुषच लागतो."

"मग धरा की टोक, मुकादम. ब्लँकेट जड आहे हं. झेपेल ना?"

त्याने बाह्या सारल्या आणि टोक धरलं. मावशीने पीळ घातला तसं साबणाने बुळबुळीत झालेलं टोक त्याच्या मुठीतून सटकलं. बायका हसल्या. ते हसू त्याला झोंबलं. त्याने टोक मनगटाला गुंडाळलं, एक वेढा, त्यावर दुसरा.

सगळ्या बायकांनी ते पाहिलं. एकीनेही तोंड उघडलं नाही.

मावशी पीळ चढवत गेली, सावकाश, रोजच्यासारखी. खाली पाण्याची धार लागली.

"बस," तो म्हणाला.

"अजून पाणी आहे."

त्याचा खांदा वळला. मग गुडघा ओल्या फरशीला टेकला. "सोड."

"हाच हात ना, मुकादम? घड्यांच्या टेबलाशी जातो तो?"

टेबलापाशी आईच्या हातातली चादर अर्धी दुमडलेली राहिली.

"सोड म्हणतो ना."

"विचारतेय. हाच की दुसरा?"

"हाच," तो म्हणाला. लाँड्रीतल्या प्रत्येकीने ते ऐकलं.

"पुन्हा तिकडे गेला, तर टोक धरायला आम्ही सगळ्या आहोत."

मग तिने पीळ उलटा सोडला. हात दारात सापडला, असं त्याने मालकाला सांगितलं. दुसरं सांगणार काय? टेबलाकडे तो पुन्हा फिरकला नाही, आणि आई तिथे केस पिकेपर्यंत घड्या घालत राहिली.

त्या संध्याकाळी घरी जाताना आईने विचारलं, "काय ताई, आता झाडाखाली बसून रडणार का?"

"रडते कशाला," मावशी म्हणाली. "दुसरा हात राहिला ना त्याचा."