बैलजोडीची हमी

मी शाळेत गेलो तो पाटीवर अक्षरं गिरवण्यापुरता. मास्तरांनी कान धरला, मी शाळा सोडली. त्यामुळे लिहिण्यात चुका होतील. पण समोरचा गोड बोलला म्हणून त्याच्यावर विश्वास ठेवायचा, ही चूक माझ्या हातून फारशी झालेली नाही.

गाठीच्या तापाची साथ आली त्या सालातली गोष्ट. अर्धं लालबाग गावाकडे पळत होतं आणि पळणारा माणूस नेता येणार नाही ते विकत होता. मी तेव्हा एका शेठच्या खटाऱ्यावर होतो. बंदरावर धान्याची पोती भरायची आणि लालबागच्या वखारीत आणून टाकायची. एकदा वाटेत एक पोतं उसवलं. शेठ चार गाडीवानांसमोर म्हणाला, "उसवलं की उसवलंस?" मी चाबूक त्याच्या पायाशी टाकला. म्हटलं, "शेठ, तुमच्या गाडीला पुन्हा हात लावीन तर बापाचं नाव लावणार नाही."

वखारीचा मुकादम ऐकत होता. तो म्हणाला, "स्वतःचा खटारा आण. सोमवारपासून पोती तुला देतो. नाही जमलं तर तसं सांग, माणसं खूप आहेत." म्हणजे सोमवारी माझी गाडी वखारीच्या दारात उभी नसेल, तर मला शेठच्या दारात उभं राहावं लागणार होतं. बायकोने न बोलता गळ्यातली पुतळ्यांची माळ काढून दिली. ती एरवी न बोलता काही करत नसे, त्यामुळे मला जास्तच घोर लागला.

भोईवाड्याच्या अलीकडे एका दलालाचं आवार होतं. गाड्या, बैल, घोडे, सगळं जुनं तिथे विकायला यायचं. त्याने पहिल्याच भेटीत माझ्या खांद्यावर हात टाकला. तिथेच माझं मन बिघडलं.

"भाऊ, ही जोडी म्हणजे सोनं आहे सोनं. मालक गावाला चाललाय म्हणून, नाहीतर कोण सोडतो?"

"मालक कुठे आहे?"

"मालकाशी काय करायचंय तुला? मी आहे ना."

मी बैलांचे दात बघितले, खूर बघितले, चाकं हलवून बघितली. आसाला वंगण असं थापलं होतं की खालचं लाकूड दिसत नव्हतं. बोटाने खरवडलं तर लाकूड चांगलं निघालं. चांगल्या लाकडाला एवढं वंगण कशाला, म्हणून मी पुन्हा खरवडलं.

दलाल हसला. "भाऊ, तुझ्या मनात शंका फार. तुझ्यासाठीच एक सोय आहे. वर दहा रुपये दे, सहा महिन्यांची हमी. आस मोडला, चाक गेलं, बैलाला रोग झाला, सरळ माझ्या दारात आणून उभा कर. मी बघून घेईन."

"काय बघून घेशील?"

"बघून घेईन म्हणजे... बघून घेईन!"

मी उद्या येतो म्हणून निघालो. रस्ताभर डोक्यात तेच. जोडी सोन्यासारखी असेल तर हमीचे दहा कशाला? आणि सोन्यासारखी नसेल, तर माझेच दहा खिशात घालून हा माझं काय भलं करणार?

घरी बायको म्हणाली, "अवं, घ्या की ती हमी. दहा गेलं तर गेलं. बैल मेला तर तुमी काय सोताच्या खांद्याव जू घेनार?"

"त्याच्या मनात काहीतरी आहे."

"तुमाला सगळ्यांच्याच मनात काहीतरी दिसतंय. लग्नात माझ्या बापानं तोडं घातलं, ते सोनाराला दाखवून आनलं होतं तुमी. मी काय इसरले नाय."

"चांगले निघाले ना?"

"चांगलंच होतं!"

"मग ते मला सोनाराकडे गेल्यावर कळलं," मी म्हटलं. तिने ताट माझ्यापुढे जरा जोरातच ठेवलं.

दुसरा दिवस रविवार. मी दलालाला सांगितलं, हमीचं नंतर बोलू, आधी मालक आण. त्याने खूप फाटे फोडले, पण मी जोत्यावर बसलो तो उठलो नाही. शेवटी मालक आला. माझ्या बापासारखाच घाटावरचा, उतारवयाचा माणूस. गावाला जायचं बोचकं काखेतच होतं.

आता एक सांगायला हवं. आमच्यात जनावर विकताना त्याच्या गळ्यातलं दावं देत नाहीत. घेणाऱ्याने आपलं दावं आणायचं. विकणारा आपलं सोडून घरी नेतो, म्हणजे जनावर गेलं तरी त्याची बरकत गोठ्यात राहते. मीही दोन नवी दावी खांद्यावर टाकून गेलो होतो.

म्हातारा डाव्या बैलापाशी गेला. त्याच्या मानेवरून हात फिरवला, दावं सोडलं, कपाळाला लावलं आणि बोचक्यात घातलं. मग त्याने बोचकं पुन्हा काखेत मारलं आणि निघाला.

"आजोबा, उजव्याचं राहिलं," मी म्हटलं.

"ऱ्हाऊ द्या. तुमालाच हुईल कामाला."

मी त्याच्या वाटेत उभा राहिलो. "काय करतो तो बैल?"

म्हाताऱ्याने दलालाकडे बघितलं. दलाल आभाळाकडे बघत होता.

"चढाला बसतो," म्हातारा म्हणाला. "भरली गाडी आन चढ दिसला की बसतो. मारा, ओढा, उठायचा नाय. बाकी गुनाचा हाय."

मी दलालाला विचारलं, "हे तुझ्या हमीत धरलंय का?"

"भाऊ, हमी रोगाची. बसणं हा काय रोग आहे? तो त्याचा स्वभाव आहे."

असं होतं ते सगळं. पण सोमवार उद्यावर आला होता आणि त्या आवारात दुसरी जोडी नव्हती. मी म्हटलं, "हमी तुझी तुझ्याकडे ठेव. उलट बसणाऱ्या बैलाचे दहा कमी कर." तो खूप ओरडला. मालकानेच "द्या, द्या" म्हणून मिटवलं. उजव्याचं जुनं दावं मी सोडून तिथेच कुंपणावर टाकलं आणि माझं बांधलं.

सोमवारी भायखळ्याच्या पुलाच्या पायथ्याशी उजवा बसला. मागे गाड्यांची रांग लागली, आणि त्यात शेठचे दोन खटारे.

"काय रे, बैलाला उशी देऊ का?" एक ओरडला.

दुसरा म्हणाला, "शेठला सांगू का, तुझी जागा राखून ठेवा म्हणून?"

 गाडी बाजूला घेता येत नव्हती, म्हणून मी पोतं पाठीवर घेतलं आणि चढून वर नेऊन ठेवलं. मग दुसरं, मग तिसरं. गाडी निम्मी रिकामी झाली तसा उजवा जावयासारखा सावकाश उठला आणि चालू लागला. वर पोती पुन्हा भरली. वखारीत पोचायला उशीर झाला, पण पोचलो. मुकादमाने पोती मोजून घेतली, वर काही विचारलं नाही.

त्या पुलावर मी किती पोती पाठीवरून नेली त्याचा हिशेब नाही. शेठच्या दारात मात्र गेलो नाही. बायको कधी पाठ चोळून द्यायची आणि म्हणायची, "दहा रुपयं दिलं असतं तर?" मी म्हणायचो, "तरी बसलाच असता." पुढे दलालाने एकाला हमीवर खरंच नवं चाक दिलं, हेही तिनेच कुठून तरी ऐकून मला सांगितलं. मला ते अजून खरं वाटत नाही.

काही वर्षांनी मी ती जोडी विकायला काढली. घेणारा दादरचा, तरणा. मी त्याला आधीच सांगितलं, उजवा चढावर बसतो, निम्मा माल उतरवला की उठतो.

तो म्हणाला, "वर पैसे देतो काका, हमी द्या."

"हमी देत नाही."

"का? काय लपवताय?"

"सांगितलं तेवढंच आहे."

"मग हमी द्यायला काय जातं?" त्याने आसाचं वंगण बोटाने खरवडून बघितलं.

मी डाव्याचं दावं सोडलं, मग उजव्याचं. दोन्ही खांद्यावर टाकली. तो वंगणाचं बोट धोतराला पुसत माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "दावी पण देत नाही होय?"

हा काही जनावरांतला नव्हता. मी त्याला बाजारातून दोन नवी घेऊन ये म्हणून सांगितलं आणि येईपर्यंत उजव्यापाशी थांबलो.