ए टू झेड लावलेले गोदाम

“आ भरतनुं ज काम छे. पाटील, तुम्ही फक्त रिपोर्ट द्या,” प्लांट मॅनेजर शाहसाहेब केबिनचे दार लावून घेत म्हणाले. रिपोर्ट म्हणजे भरतभाईला काढण्याचे कारण.

बडोद्याजवळच्या नंदेसरीतल्या आमच्या कारखान्यात रेझिनची सलग दुसरी बॅच फुकट गेली होती. रेझिन म्हणजे रंगात वापरतात तो चिकट पदार्थ. पातळ रसायन रिॲक्टरमध्ये तापवायचे आणि त्यात इनिशिएटर घालायचा. तो प्रक्रिया सुरू करतो आणि माल दाटतो. इनहिबिटर उलटे काम करतो. साठवलेला माल आपोआप दाटू नये म्हणून तो वापरतात. आमचा माल पाण्यासारखा पातळच राहिला होता.

भरतभाई रिॲक्टरवरचा ऑपरेटर. प्रमोशनवरून त्याचे साहेबांशी वाजले होते. दोन्ही बॅचेस त्याच्याच पाळीत बिघडल्या. मी क्वालिटी कंट्रोलला, त्यामुळे चौकशी माझ्याकडे.

गावच्या मराठी शाळेत आमच्या सरांनी शिकवले होते की शब्दाच्या सुरुवातीला ‘इन’ आले की अर्थ उलटा. करेक्ट म्हणजे बरोबर, इनकरेक्ट म्हणजे चूक. तेवढ्या शिदोरीवर मी घरातला पहिला पदवीधर झालो. सरांचे उपकार फिटणार नाहीत. पण कारखान्यात इनफ्लेमेबल म्हणजे पेट घेणारे. इनर्ट म्हणजे कशातच न पडणारे. इनिशिएटर सुरू करणारा, इनहिबिटर थांबवणारा. सुरुवात सारखी, स्वभाव चार. त्यामुळे भरतभाईने इनिशिएटरच्या जागी इनहिबिटर ओतला हे सगळ्यांना लगेच पटले. मलाही पटले. चुकून की मुद्दाम, एवढेच ठरवायचे होते.

त्याला कँटीनमध्ये गाठले. तो माझ्याकडे न बघता चहा ढवळत राहिला. माझा संशय वाढला.

“मुलगी बारावीला आहे, साहेब,” तो शेवटी म्हणाला. “आता असले धंदे करीन का मी?”

दोषी माणूसही हेच म्हणेल, असे मनात आले.

मग गोदामात गेलो. स्टोअर इन-चार्ज गुप्ते मॅडम जुन्या बडोद्याच्या, कामाला चोख. नुकतेच ऑडिट झाले होते. त्यासाठी त्यांनी सगळी रसायने इंग्रजी अक्षरांप्रमाणे रॅकवर लावली होती. इनिशिएटर आणि इनहिबिटर अगदी शेजारी. मला वाटले, सापडले. पण इनहिबिटरचे कॅन एकूण एक सीलबंद होते. त्यातला थेंबही कोणी घेतला नव्हता. म्हणजे भरतभाईने घातला तो इनिशिएटरच.

मग माल दाटला का नाही?

इनिशिएटरच्या कॅनला हात लावला. कोमट. एकाचे पोट फुगलेले होते. मी मागे सरलो.

“मॅडम, हे कोल्ड रूममध्ये असतात ना?”

“असायचे ने. पण रसायने दोन ठिकाणी कशाला? आता ए टू झेड एका जागी. ऑडिटवाल्यांनी फोटोसुद्धा काढून नेला.”

इनिशिएटर थंडीतच टिकतो. उन्हाळ्यात पत्र्याखाली ठेवला की त्याचा जोर जातो आणि आत वायू साठतो. कॅनवर तसे इंग्रजीत स्पष्ट छापलेले होते. मॅडमनी रॅक लावताना फक्त नाव वाचले.

सेफ्टी ऑफिसरला बोलावून ते कॅन हलवले. कोल्ड रूमच्या कोपऱ्यात एक जुना कॅन राहून गेला होता. लॅबमध्ये दोन बीकर घेतले. एकात रॅकवरचा इनिशिएटर घातला, दुसऱ्यात कोल्ड रूममधला. पहिला बीकर पातळच राहिला. दुसऱ्यात काचेची कांडी रुतून बसली.

शाहसाहेबांनी दोन्ही बीकर तिरके करून पाहिले. “तुम्ही त्याची बाजू तर घेत नाही ना?” त्यांनी विचारले. मी त्यांना पुन्हा प्रयोग करून दाखवला. “ठीक छे,” म्हणाले आणि गेले. भरतभाई कामावर राहिला. माफी कोणी मागितली नाही.

गुप्ते मॅडमनी दोन दिवस माझ्याशी अबोला धरला, पण रॅक रसायनांच्या स्वभावाप्रमाणे नव्याने लावले.

भरतभाई आता प्रत्येक बॅचआधी कॅन घेऊन लॅबमध्ये येतो आणि मी तपासेपर्यंत हलत नाही. एकदा मी म्हटले, “एवढा अविश्वास?”

“साहेब, तुम्हीपण मानलंच होतं ने?”

मी हो म्हटले. दुसरे काय म्हणणार?

अक्षरे जुळवून डिक्शनरी लावावी, गोदाम लावू नये. आणि माणसाची चौकशी सुरू करण्याआधी कॅनला हात लावून पाहावा.